पाणंदीला साठचा वेग कशासाठी?

इंग्लंडच्या सफोक परगण्यातल्या जवळपास कुठल्याही खेड्यातून सायकलनं बाहेर पडा, वेशीवर एक पाटी लागते. पांढरा गोल आणि त्यावर तिरकी काळी पट्टी. आकडा नाही, अक्षर नाही. इंग्लंडमध्ये गाडी शिकणाऱ्या प्रत्येकाला तिचा अर्थ पाठ असतो: गावाची ३० मैलांची मर्यादा संपली, इथून पुढे राष्ट्रीय वेगमर्यादा लागू. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर मोटारीसाठी ती ताशी ६० मैल आहे, म्हणजे आपल्या हिशेबानं जवळजवळ ९७ किलोमीटर.

त्या पाटीपाशी पाय टेकून मागेपुढे बघावं. मागे गाव आहे. दोन गाड्या एकमेकींना सहज ओलांडतील असा रस्ता, निदान एका बाजूला फुटपाथ, रस्त्यावर चार दिवे. पुढे फुटपाथ संपतो, दिवे संपतात, मधली पांढरी रेघ संपते. एका गाडीपुरतं डांबर उरतं, दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेली झुडपांची कुंपणं आणि पन्नास पावलांवर वळण. रस्ता जिथं निम्मा होतो नेमकी तिथंच वेगाची परवानगी दुप्पट होते.

माझं म्हणणं असं आहे की मधली रेघ नसलेल्या या खेडी जोडणाऱ्या रस्त्यांवर ६० मैलांची मर्यादा चूक आहे. ती ३० वर आणली पाहिजे. आणि एकेका रस्त्यासाठी अर्ज-विनंत्या करत बसायला न लावता सरसकट आणली पाहिजे.

इथले लोक या रस्त्यांना लेन म्हणतात. माझ्या तोंडी पाणंद हाच शब्द येतो. मी सांगलीकडची, शेताशेतांमधून, दोन्हीकडच्या काटेरी वईतून जाणारी गाडीवाट मी लहानपणापासून तुडवलेली आहे. सफोकची पाणंद त्याच जातीची. घोडागाड्यांची, मेंढरांची, रविवारी चर्चला जाणाऱ्यांची ही वाट. तिची वळणं जुन्या शेतांच्या बांधांनी ठरवलेली. मोटार आली तेव्हा कुणी वाट रुंद केली नाही की सरळ केली नाही. होती तिच्यावरच डांबर पडलं.

गेली नऊ वर्षं मी इप्सविचच्या पश्चिमेकडच्या या पाणंदींवर सायकल चालवते आहे. एप्रिल संपता संपता रविवारी सकाळी सातला हॅडलीहून निघावं. कडेला काऊ पार्स्लीचे पांढरे तुरे नुकते वर यायला लागलेले असतात, कुंपणाच्या शेंड्यावर यलोहॅमर बसून तेच ते गाणं म्हणत असतो. थोड्याच वेळात कर्झी येतं. टेकडीवर चर्च, उतारावर दोन्हीकडे लाकडी चौकटीची जुनी घरं, काही गुलाबी रंगाची, आणि उताराच्या तळाशी रस्ता चक्क ओढ्यातून जातो. ओढ्यात बदकं असतात. मोटारी पाण्यातून जातात, आपण शेजारच्या अरुंद पुलावरून सायकल हातात धरून जायचं. पुढे लिंडझी, मग चेल्सवर्थ, मग लॅव्हनम. वाटेत एखाद्या शेताच्या फाटकाशी लाकडी पेटी ठेवलेली असते. आत अर्धा डझन अंड्यांचे पुठ्ठे आणि पैसे टाकायला पत्र्याचा डबा. माणूस नसतो. मी हँडलच्या पिशवीत मोजे पसरून त्यात अंडी आणते, आजवर दोनच फुटली आहेत.

हे सगळं मी रमून सांगते आहे, कारण वाद कशाबद्दल आहे ते कळायला हवं. इंग्लंडच्या खेड्यात वेगळी सायकलवाट अपवादानंच सापडते. सायकलवाल्यांसाठी, पायी चालणाऱ्यांसाठी, घोडेस्वारांसाठी जे काही आहे ते हेच. या पाणंदी हेच त्यांचं जाळं. राष्ट्रीय सायकलमार्गांचं जाळं सांभाळणाऱ्या सस्ट्रान्स या संस्थेनं २०२० मध्ये आपलेच जवळजवळ पाव भाग मार्ग जाळ्यातून काढले किंवा खालच्या वर्गात टाकले. रस्त्यावरून जाणारे ते मार्ग तिथल्या वाहतुकीमुळे कुटुंबानं मुलाबाळांसह जावं असे राहिले नव्हते. नकाशावरची रेघ पुसणं सोपं, पण त्या गावातल्या माणसाला दुसरी वाट कुठून आणायची?

आता त्या दुपारची गोष्ट. तीन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर, चार वाजायच्या आतच उजेड मावळायला लागलेला. शेतांत बीट काढणी चालू होती, ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर चिखल आणलेला. त्याबद्दल माझी तक्रार नाही, पाणंद शेतीसाठीच आहे आणि हंगामात चिखल यायचाच. लिंडझीच्या अलीकडे डावीकडे एक आंधळं वळण आहे. मी वळणात शिरले आणि समोरून सामान पोचवणारी व्हॅन आली. ब्रेकचा आवाज आधी आला की व्हॅन आधी दिसली हे मला आजही सांगता येत नाही. मी डावीकडे कुंपणात घुसले. हँडल हॉथॉर्नच्या फांद्यांत अडकलं, गाल आणि मनगट सोलवटलं, आणि व्हॅनचा आरसा उजव्या खांद्यापासून वीतभर अंतरावरून गेला.

व्हॅन तीसेक पावलांवर जाऊन थांबली. त्यातून पंचविशीतला एक मुलगा उतरून धावत आला. त्याचे हात थरथरत होते. "मी पंचेचाळीसच्या वर नव्हतो हो," तो पुन्हा पुन्हा हेच म्हणत होता. मी त्याला माझ्या बाटलीतलं पाणी दिलं. त्यानं माझी निसटलेली साखळी चढवून दिली, फांद्या धरून सायकल बाहेर काढायला मदत केली. चांगला मुलगा होता. तो खोटं बोलत नव्हता, आणि वेगाचा कायदाही त्यानं मोडला नव्हता. मर्यादेच्या आतच होता तो. मला जे खुपतं ते हेच. माझा जीव जाता जाता राहिला, आणि पाटीच्या हिशेबानं त्या वळणावर काहीही वावगं घडलेलं नव्हतं.

हायवे कोड या ब्रिटनच्या रस्तेनियमांच्या पुस्तकात गाडी थांबायला किती अंतर लागतं त्याचा तक्ता आहे. ३० मैलांच्या वेगाला २३ मीटर, ६० मैलांच्या वेगाला ७३ मीटर, आणि तेही कोरड्या रस्त्यावर. त्या वळणावर पुढचं दिसतं फार तर पंचवीस मीटर. त्याच पुस्तकात असंही सांगितलं आहे की जेवढा रस्ता मोकळा दिसतो तेवढ्यात गाडी थांबवता येईल अशा वेगानं चालवा. सूचना अगदी योग्य आहे. पण चालकाच्या डोळ्यासमोर पाटी असते, पुस्तक घरी असतं. सरकारनं एका हातानं सबुरीचा सल्ला द्यायचा आणि दुसऱ्या हातानं साठची पाटी लावायची, मग माणूस पाटीवरच विश्वास ठेवतो. मीही गाडी चालवते आणि मलाही ती ओढ कळते. मोकळ्या रस्त्यावर चाळीसनं चाललं की मागचा माणूस दिवे मारायला लागतो, कारण मर्यादा साठ आहे हे त्यालाही माहीत असतं.

२०२२ च्या जानेवारीत हायवे कोड बदलला. ज्याच्या हातात जास्त इजा करणारं वाहन त्याच्यावर जास्त जबाबदारी, हे तत्त्व त्यात पहिल्यांदा स्पष्ट लिहिलं गेलं. सायकलवाल्याला ओलांडताना ३० मैलांपर्यंतच्या वेगाला निदान दीड मीटर अंतर ठेवा, वेग जास्त असेल तर अंतरही वाढवा. घोड्याशेजारून जाताना १० मैलांच्या आत राहा आणि निदान दोन मीटर अंतर सोडा, असं तिथं म्हटलं आहे. हे पाणंदीत मोजून बघा. रस्ता तीन मीटर. आरशांसकट मोटार दोन मीटर. उरला एक मीटर, त्यात मी आणि माझं हँडल. म्हणजे फाटकाशी किंवा बगल देण्याच्या जागी कुणीतरी थांबल्याशिवाय तो नियम पाळताच येत नाही. थांबायचं तर वेग थांबता येण्याजोगा हवा.

हा साठचा आकडा आला तरी कुठून? १९०३ च्या कायद्यानं देशभर २० मैलांची मर्यादा घातली होती. १९३० च्या कायद्यानं मोटारींसाठी ती काढूनच टाकली. १९३५ पासून वस्तीत ३० परत आली, पण वस्तीबाहेर काहीच नव्हतं. जवळजवळ पस्तीस वर्षं या पाणंदींवर कायद्यानं कितीही वेगानं जाता येत होतं. १९६५ च्या डिसेंबरात मोटारवेसकट, म्हणजे द्रुतगती महामार्गांसकट, सगळ्या मोकळ्या रस्त्यांवर ७० ची मर्यादा आली. सत्तरच्या दशकातल्या तेलटंचाईत आकडे खाली-वर झाले आणि १९७७ मध्ये दुभाजक नसलेल्या रस्त्यांना ६० ठरली. म्हणजे दोन शहरं जोडणारा रुंद, रेघ आखलेला रस्ता आणि कर्झीच्या ओढ्याकडे उतरणारी वाट एकाच रकान्यात पडली. पाणंद त्या रकान्यात फरफटत आली, तिच्याकरता वेगळा विचार झालाच नाही.

आणि डांबराच्या आधी इथं सायकल होती. सायकलप्रवाशांचा संघ, म्हणजे आजची सायकलिंग यूके, हॅरोगेटला १८७८ मध्ये स्थापन झाला. १८८६ मध्ये सायकलवाल्यांच्याच संघटनांनी रस्तेसुधारणेसाठी मंडळ काढलं आणि चांगल्या पृष्ठभागासाठी भांडण मांडलं, तेव्हा इंग्लंडच्या रस्त्यावर मोटार दिसतही नव्हती. "हे रस्ते गाड्यांसाठी आहेत, तुम्ही मधे कशाला?" असं खिडकीतून ओरडणाऱ्या माणसाला हा इतिहास कुणी सांगितलेला नसतो.

पाणंदीचे खरे धनी कोण आहेत ते वेगावरूनही कळतं. पायी चालणारा तीन मैलांनी जातो. घोडा चालीवर चार, दुडक्यावर आठ. माझ्यासारखी सायकल बारा-चौदा. साध्या शेतीच्या ट्रॅक्टरला कायद्यानं २५ मैलांची मर्यादा आहे, तीही २०१५ मध्ये २० वरून वाढवलेली. पाणंद ज्यांच्या कामासाठी आहे ती सगळी मंडळी पंचविशीच्या आत आहेत. साठची सवलत मिळते ती फक्त आरपार जाणाऱ्याला, मुख्य रस्ता तुंबला म्हणून फोननं ज्याला आत वळवलं त्याला.

गेल्या वर्षी मे महिन्यात आई आली होती. ती रोज सकाळी चालते, घरी असताना मळ्यापर्यंत. इथं मी तिला अंड्यांच्या पेटीपर्यंत घेऊन जायचे, जाऊन-येऊन मैलभर. पहिल्या दिवशी पाणंदीत शिरताच ती थांबली. "अगं, ही तर आपल्या मळ्याकडची पाणंद!" म्हणाली. तिला झाडांची नावं हवी होती, पानं चुरून वास घेत होती. मग गाडी आली. मी तिला दंडाला धरून कुंपणात दाबलं. गाडी गेली, आईच्या साडीचा पदर काट्यात अडकला. तो सोडवेपर्यंत दुसरी आली. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "तू जा, मी इथंच अंगणात चालते." मागच्या अंगणात, बारा पावलं जायची आणि बारा पावलं यायची, अशी ती उरलेले तीन आठवडे चालली.

काही करता येत नाही असं मात्र नाही. न्यू फॉरेस्टमध्ये घोडे आणि गुरं मोकळी चरतात, त्यांच्यासाठी तिथल्या कुंपण नसलेल्या रस्त्यांवर ४० मैलांची मर्यादा आहे. लोक ती समजून घेतात, कारण वळणापलीकडे शिंगरू असेल हे सगळ्यांना ठाऊक असतं. शिंगराला जे मिळालं ते माणसालाही मागता आलं पाहिजे. जर्सी बेटावर ग्रीन लेन म्हणून ठरवलेल्या रस्त्यांवर १५ मैलांची मर्यादा असते आणि चालणाऱ्याला, सायकलला, घोड्याला अग्रक्रम असतो. हॉलंडमध्ये वस्तीबाहेरच्या स्थानिक रस्त्यांवर साधारणपणे ताशी ६० किलोमीटर चालतं. आयर्लंडनं २०२५ च्या फेब्रुवारीत आपल्या ग्रामीण स्थानिक रस्त्यांची मर्यादा ८० किलोमीटरवरून ६० वर आणली, एका फटक्यात सगळीकडे. तिथली पाणंद इथल्या पाणंदीची सख्खी बहीण आहे.

इंग्लंडमध्ये आहे ती क्वाएट लेनची, म्हणजे चालणारे, सायकली, घोडे आणि गाड्या यांनी मिळून वापरायच्या शांत रस्त्यांची तरतूद. २००० च्या वाहतूक कायद्यात ती आली, २००६ मध्ये नियम झाले. सफोकमध्ये गावोगावच्या स्वयंसेवकांनी आपापल्या पाणंदी मोजून, नकाशे करून, पाट्या लावून घेतल्या. ती माणसं थंडीवाऱ्यात उभी राहून गाड्या मोजत होती. त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण नुसत्या त्या पाटीनं वेगमर्यादा बदलत नाही. हिरव्या पाटीवर घोडा, सायकल, चालणारी माणसं काढलेली असतात, आणि कायदेशीर मर्यादा तिथंही साठच राहते.

या मागणीला होणारा सगळ्यात खरा विरोध गावातून येतो, आणि तो मी झटकून टाकणार नाही. गावाला दिवसातून दोन-तीनदा बस असेल तर नशीब, पुष्कळ ठिकाणी तीही नाही. दवाखाना, शाळा, वाणसामान, सगळ्याला गाडी लागते. माझ्या ओळखीच्या एक बाई म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करायला घरोघर जातात. दिवसाला नऊ घरं, आणि वाटेतल्या वेळेचे पैसे त्यांना मिळत नाहीत. "तुझ्या तीसनं माझा दिवस लांबेल," असं त्या मला तोंडावर म्हणाल्या. आम्ही दोघींनी नकाशा घेऊन हिशेब केला. त्यांच्या फेरीतली सगळ्यात लांब पाणंद तीन मैलांची. सलग साठनं ती तीन मिनिटांत होते, सलग तीसनं सहा मिनिटांत. पण तिथं वळणं अशी आहेत की साठ सलग शक्यच नाही. त्या स्वतः सरासरी पस्तीसनंच जातात, म्हणजे पाच मिनिटं. फरक पडतो मिनिटभराचा. नऊ घरांचा मिळून पाच-सात मिनिटांचा. ही मिनिटंही त्यांच्याच खिशातून जाऊ नयेत, त्यांच्या वाटेतल्या वेळेचे पैसे मिळालेच पाहिजेत, असं माझं मत आहे. पण तो प्रश्न मालकांनी सोडवायचा आहे, तो वळणावर फेडायला लावू नये.

साठनं तिथं कुणी जातच नाही, मग पाटी कशाला बदलायची, असंही ऐकायला मिळतं. जर कुणी जात नसेल तर बदलल्यानं कुणाचं नुकसानही होत नाही. आणि प्रत्येक पाणंदीत पोलीस कोण उभा करणार, या प्रश्नाला माझं उत्तर असं की गावातल्या तीसच्या पाटीपाशीही रोज पोलीस नसतो. तरी बहुतेक माणसं वेग कमी करतात. ब्रिटनमधल्या रस्त्यांवरच्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त मृत्यू मोटारवे सोडून इतर ग्रामीण रस्त्यांवर होतात, आणि सायकलवाल्यांच्या मृत्यूंचंही तेच आहे. इतक्या मृत्यूंपुढे अंमलबजावणीची अडचण सांगून गप्प बसणं मला पटत नाही.

सायकलवाल्यांशीही माझं थोडं भांडण आहे. दहा-पंधराच्या टोळीनं, मनगटावरच्या घड्याळात वेळ धरून, आंधळ्या वळणातून वीस-बावीस मैलांनी जाणारे गट मी पाहते. घोड्यावरच्या लहान मुलीला मागून आवाज न देता ओलांडणारे पाहते. पाणंद ही शर्यतीची जागा नाही. आपण मोटारवाल्याकडे सबुरी मागतो ती चालणाऱ्याला आणि घोड्याला आपणही दिली पाहिजे. लांबून हाक मारावी, वेग कमी करावा, घोडा बिचकला तर उतरून उभं राहावं. मी मागते ती ३० ची मर्यादा मोटारींसाठी आहे, पण वळणावर दिसेल तेवढ्यात थांबण्याचा नियम आपल्यालाही तेवढाच लागू आहे.

कुणी म्हणतं, मग कडेनं वेगळी सायकलवाट बांधा. मुख्य रस्त्यांलगत अवश्य बांधा. पण पाणंदीत वाट काढायची म्हणजे शेकडो वर्षांचं कुंपण तोडायचं, जिथं यलोहॅमर घरटं करतो आणि ज्याची छाटणीसुद्धा मार्च ते ऑगस्ट बंद ठेवावी लागते. पाणंद सगळ्यांना पुरेल एवढी रुंद आहे, वेग बेताचा असला की झालं.

मागच्या हिवाळ्यात मी हे सगळं आमच्या ग्रामपंचायतीसारख्या पॅरिश कौन्सिलसमोर मांडलं. हॉल गार होता, आठ माणसं होती, सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. अध्यक्षबाईंनी मग कार्यपद्धत समजावली. मर्यादा बदलायची तर परगण्याच्या परिषदेकडे त्या एका रस्त्यापुरता आदेश मागायचा. वेगाची मोजणी, जाहीर सूचना, हरकती, हजारो पौंडांचा खर्च. आणि आधी बघतात तो त्या जागी जखमी झालेल्यांचा आकडा. आमच्या पाणंदीचा आकडा शून्य आहे. माझं सोलवटलेलं मनगट त्यात नाही. कोपऱ्यावरच्या घरातल्या बाईंनी दोन वर्षांपूर्वी घोडी विकली, कारण मुलीला रस्त्यावर पाठवायचा धीर होईना. तेही त्यात नाही. आईच्या बारा पावलांच्या येरझाऱ्या नाहीत. घाबरून माणसं रस्त्यावर यायची थांबली की रस्ता कागदावर सुरक्षित दिसतो, आणि तोच कागद पुढे अर्ज फेटाळायला वापरला जातो.

म्हणून सरसकट बदल हवा. वेल्सनं २०२३ च्या सप्टेंबरात वस्तीतल्या रस्त्यांची मूळ मर्यादा ३० वरून २० केली आणि जिथं ३० च हवी तिथं ती का हवी हे सांगण्याचं काम स्थानिक परिषदांवर टाकलं. त्यावरून वाद झाले, काही रस्त्यांवर ३० परतही आली, पण सुरुवात कुठून करायची हे उलटलं. ब्रिटनच्या संसदेनं इंग्लंडमधल्या मधली रेघ नसलेल्या रस्त्यांबाबत एवढंच करावं. मूळ मर्यादा ३० ठरवावी. मग ज्या परिषदेला एखाद्या पाणंदीवर ६० हवी असेल तिनं मोजणी करावी, सूचना लावावी, खर्च सोसावा, आणि लिंडझीच्या अलीकडच्या त्या डाव्या वळणावर पायी उभं राहून गावाला कारण सांगावं.